भाऊजींना गाणं ताजं लागे

शिळ्याचा इतका तिटकारा असलेला दुसरा माणूस सातारा-सांगलीत झाला नाही. माणूस म्हणजे आमचे धाकटे दीर. भाकरी कालची चाले, आमटी आंबलेली चाले. गाणं तेवढं ताजं लागे. नव्वदीच्या सुरुवातीला ते फौजेतून सुटून आले आणि सांगलीच्या विश्रामबागेत आमच्याच घरी राहून रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. बाकीचे फौजी ट्रंकेत रम आणतात, यांनी मोठा रेडिओ आणला. संध्याकाळ झाली की त्यावर परदेशी स्टेशनं धरत बसत. कुठल्या तरी थंड गावातली चार पोरं मोठ्या कंपनीला न विचारता गिटारवर गाणी काढतात, त्याला इंडी रॉक म्हणायचं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दुसरा प्रकार नाचाचा. त्यात माणूस नसे, सगळं यंत्रच वाजवी. या दोन्हीतलं नवं काय निघालं ते सांगलीत सगळ्यात आधी आमच्या स्वयंपाकघरात कळे, आणि तिथंच राही.

एरियलची तार शेवग्यापासून न्हाणीपर्यंत ओढली होती. मी तिच्यावर लुगडं वाळत टाकलं की ते ओरडत, "वहिनी, लुगडं काढा! लंडन बुडालं!" मी म्हणे, "बुडू दे. लुगडं तरी वाळंल." सापडलेलं गाणं ते खरखरीसकट, मधेच घुसलेल्या चिनी बातम्यांसकट कॅसेटवर भरून घेत. कॉलेजची पोरं दुकानात येऊन एखादं गाणं मागत. "ते व्हय? गेल्या दिवाळीचं. शिळं झालं," असं म्हणून कॅसेट फुकट देऊन टाकत. कडेगावला पुतण्याच्या हळदीत त्यांनी यंत्रवालं लावलं. आमच्या म्हाताऱ्या चुलतसासूबाई बराच वेळ वाट बघून म्हणाल्या, "आरं, गाणं कवा सुरू करतुयास?" भाऊजी म्हणाले, "संपलं की, काकी."

अशा माणसाला पोरगी कोण देणार? वय चाळिशीकडे चाललेलं. मला मात्र त्यांचं लग्न करायचंच होतं, कारण माझ्यामागं त्यांना ताट वाढणारं कोणी नव्हतं. पोरगी बघायला गेलं की लोक विचारतात, स्वयंपाक येतो का. भाऊजी खिशातून कॅसेट काढून विचारत, "टेप हाय का घरात?" एका पोरीनं कानात बोटं घातली, दुसरी हसत आत पळाली, तिसरीच्या मामानं मला बाजूला घेऊन विचारलं, "फौजेत डोक्याला लागलं हुतं का हो?"

वडूजची पोरगी गिरणीवाल्याची. बाप थकलेला, दळण तीच दळायची. भाऊजींनी यंत्रवालं लावलं, ते तिनं सबंध मान खाली घालून ऐकलं. मधेच, गिरणीचा आवाज ऐकून सांगावं तशी म्हणाली, "पट्टा सैल हाय. दगडाला टाकी मारायला झालीया. पर बंद करू नका, आता लागंल लयीत." आणि खरंच लागलं. भाऊजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्यांच्या गाण्याबद्दल इतकं नेमकं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

बापानं विचारलं, "लगीन झाल्यावर ह्यो नाद सुटंल न्हवं?" मी डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हणा.

"न्हाई मामा, वाढंल," भाऊजी म्हणाले. "आता ऐकणारी दोघं की."

बाप उठला. "पाव्हणं, दिसभर ह्योच आवाज तिच्या कानात हाय. त्यातनं सुटावी म्हणून तर लगीन लावतुया."

आम्ही चपला घातल्या. पोरगी कॅसेट परत द्यायला दारापर्यंत आली. भाऊजी म्हणाले, "असू द्या. मागल्या बाजूला आणिक नवं हाय." तिनं ती पदराखाली धरली आणि आत गेली. पुढं तिला कराडकडं दिली म्हणे.

त्यानंतर भाऊजी कुठलीच पोरगी बघायला आले नाहीत. मी भांडले, बोलायची थांबले, मग तेही सोडून दिलं. गाणी काय, येतच राहिली. एकदा भाकरी थापता थापता मी म्हटलं, "भाऊजी, ते गिरणीवालं लावा की. तेवढं एक मला कळलं हुतं."

त्यांनी रेडिओचा काटा जरासा हलवला.

"ते वडूजला हाय, वहिनी."