अकरावा दरवाजा

आमच्या शाळेची इमारत रस्त्याच्या बाजूने फार देखणी होती. अमरावती रोडने वाडीकडे जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांचं तिच्याबद्दलचं मत नक्कीच उत्तम असणार. दर उन्हाळ्यात पालिका त्या दर्शनी भिंतीला पिवळा रंग द्यायची, खिडक्यांना हिरवा, आणि कोपऱ्यावर एक सुविचार. बाकीच्या तीन भिंती रस्त्यावरून दिसत नसत, त्यामुळे त्यांना रंगाची गरज नव्हती. शाळा ही बाहेरून बघण्याची वस्तू आहे, हे धोरण मला कुणी लेखी दिलं नव्हतं, पण दहा वर्षं त्याच इमारतीत काढल्यावर ते आपोआप समजलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा प्रभारी मुख्याध्यापिका होते. प्रभारी म्हणजे काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण, खुर्ची तेवढी तात्पुरती. ती कायम करण्याचा कागद कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, आणि तो जोवर फिरत होता तोवर मी कचेरीतल्या शिपायालाही अदबीने नमस्कार करत असे.

शाळा सातवीपर्यंत. दरवाजे एकूण अकरा: सात वर्गांचे सात, माझ्या खोलीचा एक, सामानाच्या खोलीचा एक, मुलांना खायला वाटायची सुकडी ठेवायच्या खोलीचा एक आणि मुलींच्या संडासाचा एक. मुलांसाठी शाळेमागची मोकळी जागा होती आणि तिला दरवाजाची आवश्यकता नव्हती.

त्या वर्षी होळीत अकरावा दरवाजा गेला. होळीला लाकूड मागून आणायचं, नाही मिळालं तर उचलून आणायचं, ही आमच्या वस्तीची जुनी रीत. कुणाची मोडकी खाट जाते, कुणाच्या कुंपणाचे खांब जातात. एकदा होळीत पडलेलं लाकूड परत मागायचं नाही आणि त्यावरून भांडायचंही नाही, हाही त्याच रीतीचा भाग. धुळवडीनंतर शाळेत आले, तर संडासाच्या चौकटीला फक्त बिजागऱ्या लटकत होत्या. शिपाई म्हणाला की दरवाजा चांगला सागवानी होता, बराच वेळ जळला. त्याच्या सुरात कौतुक होतं.

मग आला मार्च अखेर. आमच्याकडे रंगकामाची एक खास पद्धत होती. काम व्हायचं एप्रिल-मेमध्ये, पण ते समाधानकारक झाल्याचा दाखला मुख्याध्यापकाने मार्चमध्येच द्यायचा. कारण मंजूर रक्कम एकतीस तारखेच्या आत खर्ची पडली नाही तर परत जाते. सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक तसे दाखले देत. काम होण्याआधीच समाधानी असणारी माणसं इतक्या संख्येने दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत. ठेकेदाराचा मुकादम मागच्या वर्षीचं बिल जसंच्या तसं उतरवून घेऊन आला होता. त्यात लिहिलं होतं, दरवाजे नग अकरा, हिरवा ऑइलपेंट, दोन हात.

मी ते वाचलं. हे मला कबूल केलं पाहिजे, कारण न वाचता सही केली असं पुढे अनेकांना सांगून पाहिलं आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी वाचलं आणि मुकादमाला म्हटलं, दरवाजे दहाच आहेत.

"एका दरवाज्यासाठी काहून खोडाखोड करता, बाई?" तो म्हणाला. "बिल वापस आलं त पैसा लॅप्स होते. मंग भिंतीलेबी रंग नाही."

मी सही केली. एप्रिलमध्ये दर्शनी भिंत पिवळी झाली, नवा सुविचार आला, तो स्वच्छतेबद्दल होता.

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा मी रीतसर अर्ज केला, की मुलींच्या संडासाला दरवाजा नाही, तो मिळावा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आपल्या शाळेतील सर्व अकरा दरवाजे मार्चमध्ये रंगवल्याचं आपणच प्रमाणित केलं आहे, सबब मागणीचे प्रयोजन कळत नाही. मी कचेरीत गेले. ओव्हरसियर भला माणूस होता, त्याने चहा मागवला, मोजमापाची वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि माझी सही मलाच दाखवली.

"मॅडम, रेकॉर्डवर दरवाजा आहे," तो म्हणाला. "मी नवा दिला त एका चौकटीले दोन दरवाजे होतात."

मार्ग दोनच होते. पुढच्या मार्चपर्यंत थांबून हा दरवाजा कुजल्याचं दाखवायचं आणि त्याच्या जागी नवा घ्यायचा, किंवा मी लिहून द्यायचं की दाखला खोटा होता. दुसऱ्या मार्गात चौकशी लागते, असं त्याने काळजीने सांगितलं, आणि माझा कायम होण्याचा कागद कुठल्या टेबलावर आहे हेही सांगितलं. मी चहा संपवून परत आले. मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही.

सहावीत एक मुलगी होती. फळ्यावर गणित करताना मी हातचा विसरले की ती बसल्या जागेवरून हळूच सांगायची, बाकीच्यांना कळू नये अशा बेताने. माझा अपमान होऊ नये म्हणून बारा वर्षांची पोर काळजी घेत असे. तिची आई वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये फाटकी पोती शिवायला जायची. छप्पन साली घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ही आई स्वतः लहान होती. तिला शाळेत जायला मिळालं नाही, पण पोरीला शिकवायचंच, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. उलट शाळाच कुठे कमी पडू नये म्हणून तीच मधूनमधून येऊन विचारपूस करून जायची.

त्या जुलैत ती कामाचा खाडा करून आली. आडवळणाने बोलण्याची तिची सवय नव्हती.

"पोट्टी मोठी झाली आता. सकाळपासून पाणी पेत नाही, बाई. मधल्या सुट्टीत घरी येते, मंग लाजीनं वापस येत नाही. मले एक दरवाजा करून द्या."

मी तिला सांगितलं की अर्ज केला आहे. ते खरंच होतं. बिचारीने अर्ज या शब्दावर विश्वास ठेवला. आठ दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच चार पोती जोडून, दुहेरी टाके घालून, वर दोरी ओवून एक पडदा आणला. शिपायाने तो चौकटीला बांधला. पालिकेच्या त्या वर्षीच्या सगळ्या दुरुस्त्यांमध्ये प्रत्यक्ष झालेली मला माहीत असलेली ही एकच. मुलगी पूर्ण दिवस वर्गात बसू लागली. तिच्या बाकावर पाण्याची बाटली दिसली, तेव्हा मला बरं वाटलं, आणि दरवाजाचं काम झालं असंच मी स्वतःला सांगून टाकलं.

याच सुमारास नागरी सेवांच्या निधीतून आमच्या पटांगणात सिमेंटचा ओटा झाला. वस्तीतल्या सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी. वस्तीने तो मागितला नव्हता, पण निधी ओट्यासाठीच होता. जागा कुणीतरी कागदावर ठरवली होती, त्यामुळे ओटा आला मुलींच्या संडासाला लागून. मी हे लक्षात आणून दिलं, तर उत्तर मिळालं की नकाशात संडास दाखवलेला नाही. रेकॉर्डवर दरवाजा होता आणि संडास नव्हता. हा मुद्दा मी कुणाकडे उपस्थित केला नाही, कारण तोवर मी बरीच शहाणी झाले होते.

ओट्याच्या उद्घाटनाला सभापती येणार होते. आदल्या दिवशी ओव्हरसियर पाहणीला आला, सगळं पसंत पडलं, फक्त व्यासपीठाशेजारी लोंबणारं ते गोणपाट त्याच्या नजरेला खुपलं. फोटो निघणार आहेत, तेवढं काढून टाका, म्हणाला. मी शिपायाला काढायला सांगितलं. उद्यापुरतंच, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. पटांगणात चिखल. सभापतींनी ओट्यावरून वस्तीच्या सर्वांगीण विकासाबद्दल भाषण केलं, सहावीच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, आणि मग पाहुणे चहासाठी माझ्या खोलीकडे आले. शिपायाने प्रसंग ओळखून दाराशी पायपुसणं अंथरलं होतं. जाड, दुहेरी टाक्यांचं. पाहुण्यांनी एकामागून एक त्यावर बूट पुसले. हार-गुच्छ घेऊन ती मुलगी माझ्या दाराशीच उभी होती. तिने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गुच्छ नीट सांभाळत आत आली. पाहुण्यांच्या चहात साखर कमी पडली होती, ते बघायला मी गेले.

ते पोतं नंतर धुवूनही चौकटीला बांधण्यासारखं राहिलं नाही. मुलगी आधी मधल्या सुट्टीनंतर दिसेनाशी झाली, मग आठवड्यातून दोनच दिवस येऊ लागली. त्याच महिन्यात मी एक कागद लिहिला, की मार्चमधला दाखला मी वस्तुस्थिती माहीत असताना खोटा दिला होता. अक्षर सुरेख आलं होतं. टपालात टाकण्यासाठी योग्य दिवस शोधत मी तो टेबलाच्या खणात ठेवला. त्याच खणात थोड्याच दिवसांनी माझ्या कायम नेमणुकीचा आदेश येऊन पडला.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आई मुलीला घेऊन आली. तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढायचा होता. मुलीला कुहीकडे मामाच्या घरी पाठवत होती. तिथे धानाची कापणी सुरू होती, हाताशी माणूस हवं होतं, आणि मामाचं घर शेताला लागून असल्याने तिथे आडोशाची अडचण नव्हती. जवळपास शाळा असली तर जाईल, म्हणाली, म्हणून कागद जवळ असलेला बरा. वर्षाच्या मधेच नाव काढू नका, असं मी म्हणाले. ती जागची हलली नाही, म्हणून मी फॉर्म पुढे ओढला.

अभ्यासातील प्रगती, उत्तम. वर्तणूक, चांगली. मग शाळा सोडण्याचं कारण. तिथे दर दाखल्यावर लिहितो तेच मी लिहिलं.

आईला वाचता येत नव्हतं. तिने कागद मुलीपुढे धरला आणि काय लिहिलं ते वाच म्हणाली. मुलीने पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, स्पष्ट, कुठेही न अडखळता, वर्गात वाचायची तसंच. शेवटी वाचलं, "कारण, पालकांच्या इच्छेवरून."

"पालक म्हणजे मी काय?" आईने विचारलं. मुलीने मान हलवली.

"माही इच्छा कुठी होती, बाई?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तिला खरोखर समजून घ्यायचं होतं. "मी त तुमाले दरवाजा मांगतला होता."

तसं लिहायची पद्धत असते, असं मी तिला सांगितलं.