मनगटावरची घोडी

माझ्या सासुरवाडीत एक गोष्ट लहानथोरांना पाठ आहे. मी धोंड्याच्या महिन्यात रुसून बसलो, जेवण सोडलं, पळून निघालो आणि शेवटी सासऱ्यांकडून मनगटी घड्याळ घेतलं तेव्हाच घास गिळला! ही गोष्ट खोटी आहे. मी घड्याळ मागितलं नव्हतं. एवढं एक वाक्य बोलायचं मी पन्नासहून जास्त वर्षं टाळत आलो. (तेवढ्या काळात लोक गीतेवर भाष्यं लिहून मोकळे होतात!) ज्यांना सांगायचं होतं ते आता राहिले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

निजामी अमदानी होती. मी जालन्याच्या एका शाळेत गणित शिकवायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात माझं पोट धोतराच्या गाठीवरून खाली डोकावायला लागलं होतं. शाळेत एक ड्रिल मास्तर होते, वेताच्या छडीसारखे ताठ. त्यांनी एकदा मला जिना चढताना धापा टाकताना पाहिलं आणि तिथल्या तिथे नुस्खा दिला.

"मास्टरसाब, तीन बातां याद रखो. थोडा खाव, खूब दौडो, और सुबह दस बजे तक मुँह बंद! पेट हलका, पाँव मजबूत, दिमाग थंडा."

"मुँह बंद म्हणजे खायला की बोलायला?"

"दोनों!"

त्यापुढे ते "लेकिन सब बराबर, हद में" असंही काहीतरी म्हणत होते. पण तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि मी वर्गात पळालो. नुस्ख्यातला जो मुख्य भाग होता तो असा घंटेत बुडाला.

राहिलेला भाग मी इतका मनावर घेतला की माझी बायको सरू हैराण झाली. ताटात ज्वारीची अर्धी भाकरी, पातळ ताक आणि मेथीचा पाला. पहाटे रुळांच्या कडेकडेने धावायचं. परत आलो की मौन. मौनात चहा हवा असला की मी हवेत कपबशी काढून दाखवायचो.

"काय म्हणून राह्यले? चंद्र उगवला?" असं म्हणून सरू आत निघून जायची. (तिला सगळं बरोबर कळायचं!)

एकदा म्हणाली, "सकाळचं गप राहणं लई चांगलं हाय. संध्याकाळचं बी सुरू करा की."

अशात अधिक ज्येष्ठ आला आणि सासऱ्यांचा सांगावा आला: जावयाने धोंडे खायला यावं. परतूरच्या गाडीत बसल्यापासून सरूने माझ्या मागे भुणभुण लावली.

"आहो, तिथं तुमचं ते अर्ध्या भाकरीचं काढू नका. माह्या माहेरी जावई जेवला न्हाई म्हंजी रुसला."

"वेड्यासारखं काय बोलतेस?"

"थोरल्या दाजींनी दिवाळीला ताट सारलं अन् बैलजोडी घेऊन गेले. तवापासून आबा जावयाच्या तोंडाकडं न्हाई, ताटाकडं बघतात."

"मी काय रुसणारा माणूस आहे?"

"तुमी न्हाई हो! पण तुमचं ताट रुसल्यावानी दिसतंय ना!"

मी हसलो. गणिताच्या मास्तराला बायकोचा तर्क कधी पटत नाही.

परतूर स्टेशनावर सासरे, लिंबाजीराव, घोडीवर बसून हजर होते. ते उंचीने बेताचे होते, पण गावात ते फारसं कुणाला माहीत नव्हतं, कारण त्यांना खाली उतरलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. शेतात घोडीवर, बाजारात घोडीवर, शेजाऱ्याकडे तंबाखू मागायलासुद्धा घोडीवर! घोडीचं नाव चांदणी. पांढरीशुभ्र, अंगाने भरलेली. ते तिच्याशी बोलायचे आणि ती कान हलवून उत्तर द्यायची. आम्हाला बैलगाडीत बसवून ते कोसभरावरच्या त्यांच्या गावाकडे पुढे निघाले तेव्हा मला उगाच वरातीत असल्यासारखं वाटलं.

दुपारी पानं मांडली. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, पुरणाचे धोंडे वाढले. तुपाची धार अशी, की धोंडे तरंगायला लागले! शेजारी परातीत तेहतीस अनारसे, वर दिवा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात ड्रिल मास्तर आठवले. मी एक अनारसा उचलला, त्याचे दोन तुकडे केले, एक खाल्ला आणि दुसरा परत ठेवला.

मामी ताटाकडे बघतच राहिल्या. दारातून डोकावणाऱ्या शेजारणी एकमेकींना कोपरं मारायला लागल्या!

"गोड कमी पडलं का, जवाईबापू?" मामींनी भीत भीत विचारलं.

"नाही मामी, फार छान झालंय. पण मला अर्धी भाकर आणि थोडं ताक द्या."

"भाकर?" मामींच्या हातातली पळी खाली आली. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला भाकर? लोक शेण घालतील माह्या तोंडात!"

सरूने आतून बांगड्या वाजवल्या. तो इशारा होता. मला वाटलं, हीसुद्धा माझ्यासारखा मौनाचा सराव करतेय, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी पुन्हा तेच. मी ताक पिऊन उठलो. तेव्हा सासरे माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. मिशीला पीळ देत थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "जवाईबापू, शेळी चालंल का?"

मला वाटलं, दुधाचं विचारतायत. म्हटलं, "शेळीचं हलकं असतं मामा. पण नको."

त्यांनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. "मंग म्हैस?"

"म्हशीचं तर बिलकुल नको! फार जड."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. म्हशीवरही जावई राजी नाही म्हटल्यावर याच्या मनात आहे तरी काय? हत्ती? ते उठून गोठ्यात गेले. तिथून चांदणीशी चाललेलं त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "काय करावं गं? लेक नांदवायची हाय आपल्याला."

मी मनात म्हटलं, किती प्रेमळ माणूस आहे हा! घोडीलासुद्धा लेकीची काळजी सांगतो! (गणिताचा मास्तर. एक आणि एक दोन. पण ते फळ्यावर!)

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कासोटा मारला आणि धावायला निघालो. धावण्यासारखा सपाट रस्ता गावात एकच होता. तो स्टेशनाकडे जात होता.

"जवाई पळाला!" कुणीतरी बोंब ठोकली. मागे कुत्री भुंकली, दारं उघडली, आणि थोड्या वेळात टापांचा आवाज आला. लिंबाजीराव माझ्या शेजारी! डोक्याला पटका नाही, पायात वहाण नाही. चांदणी मात्र खुशीत दुडकी चालत होती. तिला वाटलं, शर्यत आहे.

"जवाईबापू! आमचं काही चुकलं असंल तर पायतान काढून हाना, पण असं आल्यापावली जाऊ नका! पोरीनं काय तोंड दाखवावं?"

मौन चालू होतं. मी नुसती मान हलवली.

"माह्याशी बोलणार बी न्हाई?"

मी पुन्हा मान हलवली. आणि थांबता येईना, कारण एकदम थांबलं की छातीला अपाय होतो असं ड्रिल मास्तरांनी सांगितलं होतं. तेव्हा एक म्हातारा घोडीवरून हात जोडतोय आणि एक जावई तोंड मिटून धावतोय, अशी आमची वरात बाभळबनापर्यंत गेली. तिथे मला सुचलं. दहा वाजेपर्यंत बोलत नाही, दहा वाजता सगळं सांगतो, हे समजावण्यासाठी मी डावा हात वर केला आणि मनगटावर दोनदा टिचकी मारली.

मनगट उघडं होतं. तिथेच घात झाला.

सासऱ्यांनी लगाम खेचला. माझ्या मनगटाकडे बघितलं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"अस्सं व्हय! मंग कालच सांगायचं की हो! मी आपला शेळ्या-म्हशी मोजून राह्यलो!"

त्यांना कळलं याचा मला इतका आनंद झाला, की मी जोरजोरात मान डोलावली. त्यांनी तिथूनच घोडी परतुराकडे दामटली आणि भरधाव निघून गेले. मी दुधना नदीच्या काठी झाडाखाली दहा वाजायची वाट बघत बसलो. दहा वाजले हे कळायला घड्याळ लागतं, ही गोष्ट माझ्या तिथे पहिल्यांदा लक्षात आली.

ऊन चांगलं डोक्यावर आल्यावर मी घरी पोचलो. दारात सरू उभी. डोळे लाल.

"घड्याळ मागितलं तुमी? आबांला?"

"कोणतं घड्याळ?"

"मनगट बडवून दाखवलं म्हणे! आबांनीच वाटेवरच्या गड्यासंगं सांगावा धाडला. आबा घोडी घेऊन परतूरच्या आडत्याकडं गेलेत. त्याच्यापाशी एक घड्याळ हाय, अन् त्याचा लई दिवसांपासून चांदणीवर डोळा हाय!"

"मी आत्ता जातो. आत्ता थांबवतो!" असं म्हणून मी वळलो आणि उंबऱ्यावरच भोवळ येऊन खाली बसलो. कालपासून पोटात अर्धा अनारसा, अर्धी भाकर आणि ताक. वर उन्हातलं धावणं! मामी धावत आल्या. त्यांनी माझ्यापुढे कालचे धोंडे ठेवले.

मी विचार केला, चालायला ताकद तर हवी! एक खातो आणि निघतो.

एक खाल्ला. धोंडा शिळा झाला की जास्त मुरतो, हे मला माहीत नव्हतं. दुसरा खाल्ला. मग मोजणं सोडलं. मग अनारशांची परात जवळ ओढली. मामी तुपाची वाटी घेऊन समोर बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "घड्याळाचं नक्की झालं ना, बघ, कसं जेवून राह्यलं लेकरू!"

मी "तसं नाही" म्हणायला तोंड उघडलं. मामींनी त्यात अनारसा घातला.

आणि मग, सांगायला लाज वाटते, मी तिथेच भिंतीला टेकून झोपलो.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि ओट्यापुढे गाव जमलं होतं. रस्त्याने एक ठेंगणा, धुळीने भरलेला माणूस चालत येत होता. मी ओळखलं नाही. जवळ आल्यावर कळलं, ते सासरे होते. त्यांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि सगळ्यांकडे अशा ऐटीत पाहिलं, की जणू अजून घोडीवरच बसलेत.

"मामा... चांदणी?"

"म्हातारी झाल्ती ती," ते म्हणाले. (सहा वर्षांची होती!)

तेव्हाच बोलायचं होतं. पण चारचौघांत म्हटलं असतं, मी मागितलंच नव्हतं, तर गाव त्या माणसाला हसलं असतं. आणि खरं सांगायचं, तर घड्याळ फार देखणं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "थोरल्यानं बैल नेले, धाकट्यानं घोडी मनगटावर बांधून नेली!" सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

परतीच्या गाडीत सरूने मौन धरलं. तिचं मौन दहाला सुटणारं नव्हतं. मला वाटलं, जालनाच काय, ही मुंबईपर्यंत बोलणार नाही. शेवटी मी सगळं शपथेवर सांगितलं.

"मागितलं नव्हतं, तर मंग इतके धोंडे कसे गेले?" तिने विचारलं. आणि मग म्हणाली, "मला पटलं. पण मला पटून काय? आबांला सांगा."

सांगणार होतो. दरवर्षी सांगणार होतो. पण मी दिसलो की सासरे लांबूनच हाक मारायचे, "जवाईबापू, किती वाजले?" चार माणसं असली की मुद्दाम, मोठ्याने. मी बाही मागे सारून वेळ सांगायचो आणि सांगायचं ते राहून जायचं. दोन वर्षांनी घड्याळ पाण्याच्या हौदात पडून कायमचं बंद झालं. त्यानंतर मी काट्यांकडे बघून सूर्याच्या अंदाजाने वेळ सांगायला लागलो. आधी एक गोष्ट लपवली होती, आता दोन झाल्या!

इकडे सासरे सगळीकडे पायी जायला लागले होते. शेत पायी, बाजार पायी. दोन धोंडे चवीने खायचे, तिसऱ्याला हात लावायचे नाहीत, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या घोरायचे. परतुरात ती घोडी आडत्याच्या टांग्याला जुंपलेली दिसली की तिच्या मानेवरून हात फिरवून पुढे चालू लागायचे. वयाची ऐंशी उलटली तरी काठी नाही. मला मात्र पन्नाशीतच साखरेचा आजार जडला. डॉक्टर म्हणाले, थोडं खा, रोज चाला, डोकं शांत ठेवा, आणि सगळं बेताने. हा शेवटचा भाग मला घंटेमुळे नीट ऐकूच आला नव्हता! माझ्या त्या नुस्ख्याने अख्ख्या खानदानात तब्येत सुधारली ती एकट्या सासऱ्यांची.

शेवटच्या भेटीला मी ठरवूनच गेलो. ते बाजेवर पडले होते. खोलीत आम्ही दोघेच. मी म्हटलं, "मामा, त्या घड्याळाचं एक सांगायचंय."

"बंद हाय ते," ते डोळे मिटूनच म्हणाले. "लई वर्षं झाली. मला ठावं हाय."

मी चाट पडलो. "मग दरवेळी वेळ का विचारत होता?"

"तुमी मास्तर माणूस. माह्याशी दुसरं काय बोलणार? तेवढंच बोलणं व्हायचं."

आता सांगायचंच, म्हणून मी पुढे सरकलो आणि नेमक्या त्याच वेळी मामी ताट घेऊन आल्या. धोंडे! सासऱ्यांनी एक उचलला आणि माझ्या तोंडात घातला. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. नाही म्हटल्याने काय होतं, ते मी पाहिलं होतं.

धोंडा मोठा होता. तो गिळून मी "मामा" म्हणेपर्यंत ते घोरायला लागले होते. आठवड्याने तार आली.

पहिल्यांदा मौन होतं म्हणून बोललो नाही, आणि नंतर दरवेळी तोंड भरलेलं होतं म्हणून. आज डॉक्टरांच्या हुकमाने ताटात अर्धी भाकर आणि मेथी आहे, तोंड रिकामं आहे, सकाळचे दहाही वाजून गेलेत. तेव्हा मामा, आता ऐका. मला घड्याळ नको होतं. शेळी नको होती, म्हैस नको होती. मला भूक लागली होती, आणि दहा वाजता मी तेवढंच सांगणार होतो.