दगडूआबांची घोडी कालव्यावर ठेवून आलो

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला आणि आमच्या पारनेरच्या बाजूला कडब्याची पेंढी दिसेना. तेव्हा आमच्या शेजारच्या दगडूआबांनी आपली घोडी चंद्री कालव्याच्या मुलखात ठेवायचं ठरवलं. माझी धाकटी बहीण सोना श्रीरामपूरजवळ दिलेली. तिच्या रानात अजून हिरवं होतं. आबा सत्तरीपुढचे, सारा जन्म घोड्यांत गेलेला. ही त्यांची शेवटची घोडी. सोबतीला मी निघालो. निघताना तिच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला.

कोणाला या वाटेनं जनावर न्यायचं असेल तर पहाटेच चालावं. सुप्यावरून नगर, मग राहुरी, मग श्रीरामपूर. मुक्कामाला मारुतीचं देऊळ गाठावं. चहा सगळीकडे मिळतो, भाकरी मात्र घरूनच बांधून घ्यावी. आमच्याजवळ मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या होत्या. दुपारपर्यंत त्यांचं खापर झालं.

सुप्याच्या पुढे दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. एकीनं हाक दिली, "आबा, घोडी रिकामी अन् तुमी पायी? कुनाचं लगीन हाय?"

"हिचंच. सासरी घालवाया चाललोय."

"मग नवरी लई वाळलीया की वो!"

बाया हसल्या. आबाही हसले आणि चंद्रीचा दोर धरून पुढं झाले.

चंद्री थकलेली दिसायच्या आधीच ते सावली शोधत. मी म्हणालो, "आबा, अजून चालेल ती."

"चालंल की. पन ती थांबायच्या आदी आपुन थांबावं, बापू. ती थांबली म्हंजी आपल्याला उशीर झाला."

राहुरीच्या पुढे हवा बदलली. कालव्याचं पाणी, उसाची पानं, ओल्या मातीचा वास. चंद्रीनं कान टवकारले.

सोनानं दारातच ओला घास भाराभर पुढं टाकला. आबांनी तो लगेच ओढून घेतला. सोनाचा चेहरा उतरला. "माझ्या दारात मुकं जनावर उपाशी ठेवू का?"

"पोरी, कोरड्या पोटाला एकदम हिरवं दिलं तर पोट फुगून मरंल. आज कडबा, वर मूठभर घास. हळूहळू वाढव."

सोनानं कडबा आणला. पण चंद्री खाईना. सकाळीही तेच. आबा जवळ गेले की तोंड त्यांच्या छातीला लावी, आणि सोनानं पाटी पुढं केली की मान फिरवी. वाटेत अर्धी झालेली घोडी. आणखी एक दिवस उपाशी राहिली तर उभी राहणार नव्हती.

आबांनी पटका सारखा केला. "चल बापू, निघू."

"निरोप तरी घ्या तिचा. पाठीवर हात फिरवा."

"त्यो हात मला पायजे, तिला न्हाई. मी दिसतोय तवर ती दुसऱ्याचं खायाची न्हाई."

आम्ही गोठ्याच्या भिंतीआड उभे राहिलो. चंद्री खिंकाळली. आबांनी डोळे मिटले, जागचे हलले नाहीत. ती पुन्हा खिंकाळली. मग बराच वेळ काहीच नाही. मी मनात खंडोबाला हाक मारत होतो. शेवटी कडबा दाढेखाली मोडल्याचा आवाज आला.

आबा तसेच रस्त्याला लागले. येताना एस.टी.नं आलो, नगरला गाडी बदलावी लागते, पण दिवसात घर येतं. खिडकीतून पुन्हा तेच उघडे माळ दिसत होते. पारावर कोणीतरी विचारलं, "आबा, रडली का वो घोडी?"

"खाल्लं तिनं," एवढं बोलून ते घरात गेले.

देवापुढं बसल्यावर मी आजवर आपली माणसं जवळ राहू दे, एवढंच मागत आलो. आता आणखी एक मागतो: वेळ आली तर मला भिंतीआड उभं राहता येऊ दे.