डाव्या कोपऱ्याचा हात

कबड्डीत लोक बघतात ते चढाई करणारीला. ती मध्यरेषा ओलांडते, दम धरते आणि सगळं मैदान तिच्या पायांकडे बघायला लागतं. तिला अडवायला पलीकडे ज्या उभ्या असतात, त्यांच्याकडे कोण बघतंय. मी त्या उभ्या असणाऱ्यांतली. आमचे फोटो फारसे आले नाहीत, आणि आले ते पाठमोरे. माझी पाठ अशी ऐसपैस की त्या फोटोत दुसरं काही मावायचं नाही.

डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात माझी निवड वजनावर झाली होती, हे मी उघडच सांगते. पहिल्या दिवशी कबड्डीच्या मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एका काटकुळ्या मुलीला बोलावून तिच्या हातात माझा हात दिला. लग्नात देतात तसा.

"आता ह्यो हात सोरायचा नाय गो," त्या म्हणाल्या.

मॅडम शीळफाट्याजवळच्या एका आगरी गावातल्या, मातीवर खेळून मोठ्या झालेल्या. चिडल्या किंवा खूश झाल्या की त्यांच्या बोलण्यातला ड जाऊन र यायचा. आम्हा पोरींना त्यावरून त्यांचा मूड कळायचा.

ती काटकुळी मुलगी म्हणजे आमचा डावा कोपरा. कोपऱ्यातलीने खाली झेप घेऊन चढाईवालीचा घोटा धरायचा असतो. तिच्या शेजारी मी. तिने घोटा धरला की मी वरून येऊन पडायचं, म्हणजे समोरची हलता कामा नये. तोवर दोघींनी हात धरून पुढेमागे सरकत राहायचं. याला साखळी म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन माणसांनी एका अंगाने हलायचं म्हणजे काय, ते आम्हाला पहिले कित्येक महिने जमलं नाही. ती वाऱ्यासारखी निघायची आणि मी जागची हलेपर्यंत समोरची तिच्या डोक्याला हात लावून परत गेलेली असायची. कधी मी पुढे, ती मागे. आमचे हात घामाने सुटायचे, खांदे दुखायचे, आणि बाकीच्या पोरी आम्हाला 'बैलजोडी' म्हणायच्या. त्यात बैल कोण हे विचारायची गरज नव्हती.

मग मॅडमनी आमचा खेळच बंद केला. संध्याकाळी मैदानावर इतर मुली चढाया करायच्या आणि आम्ही दोघी कडेकडेने हात धरून नुसत्या चालायचो. डोळे मिटून. हे चालणं मला आजही आठवतं ते एखाद्या लांबलेल्या झोपेसारखं. एमआयडीसीकडून वास यायचा, मिटल्या पापण्यांवर ऊन केशरी व्हायचं, कुठेतरी कुकरची शिट्टी व्हायची, आणि तिच्या तळहातातली नस माझ्या तळहाताला लागायची. बोलायला मनाई होती. कॅन्टीनमध्येही हात सोडायचा नाही. तिचा उजवा हात माझ्या डाव्यात, त्यामुळे ती बिचारी डाव्या हाताने वडापाव खायची आणि मी मजेत उजव्याने. चटणी मीच लावून द्यायचे.

हळूहळू हात बोलायला लागले. करंगळी दाबली की ती मागे सरकणार. मधलं बोट दाबलं की थांब. आणि सगळी मूठ आवळली की ती निघाली. चढाईवालीचा तो कबड्डी-कबड्डीचा घुमारा चालू असायचा, लोक ओरडत असायचे, पण मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. मी पाण्याखाली असल्यासारखी असायचे. फक्त एक हात असायचा आणि तो मला सांगायचा. मी तेव्हा फार सुखात होते.

सुखाचा तोटाही झाला. कल्याणच्या एका सामन्यात ती मागे सरकताना तिचा पाय रेषेबाहेर गेला. ती बाद, एवढ्यावर थांबलं असतं. पण हात सोडायचा नाही हे माझ्या हाडात इतकं मुरलं होतं की मीही तिच्यामागून सरळ बाहेर चालत गेले. समोरचीने आम्हाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ती दोन गुण घेऊन हसत परत गेली. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ती हीच, फक्त इथे नळा गाड्यापेक्षा जड होता. आम्ही बाहेर बसलो तेव्हाही हात धरलेलेच होते, हे मॅडमनी पाहिलं.

शेवटच्या वर्षी ठाण्यात, नौपाड्याच्या बाजूच्या एका मैदानावर आमचा सामना होता. तो बघायला विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे येणार होते. माझ्या जोडीदारणीला त्या संघात जायचं होतं. नुसती हौस नव्हती. विद्यापीठाकडून खेळली तर पुढे खेळाडूंच्या राखीव जागांमधून पोलिसात जायचा रस्ता होता, आणि तिने तो रस्ता शाळेपासून मनात धरून ठेवला होता. कॉलेज संपत होतं. यानंतर संधी नव्हती.

सामन्याआधी मी नळावर बाटल्या भरत होते. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आज तिचा हात सोर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मस्करी करतायत.

"साखलीत ती दिसत नाय गो. घोटा ती धरतं आणि लोकांना दिसतंस तू. एकदा तरी तिला एकटीला जाऊं दे. घोटा धरला का मंगच जा."

"मॅडम, मॅच जाईल आपली."

"गेली तर जाऊं दे."

मला भयंकर राग आला. आमच्या हातात हात तुम्हीच दिलात, आता तुम्हीच सोडायला सांगता. पण मी राग गिळला, कारण त्यांचं खरं होतं. तिच्या कितीतरी पकडींवर मी पांघरुणासारखी पडले होते.

सामना हळूहळू आमच्या हातून गेला. खुर्च्यांवर बसलेले निवड करणारे मोबाईल बघायला लागले होते. शेवटाकडे त्यांची सगळ्यात चांगली चढाईवाली आत आली. घारीसारखी भिरभिरत डाव्या कोपऱ्याकडे वळली. आणि तिने, माझ्या कोपऱ्याने, माझ्याकडे न बघता हात बाजूला केला. नेहमीसारखा. उघडा.

मी माझे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

तिची बोटं हवेत एकदा मिटली. काही सापडलं नाही. तिने मान वळवली नाही, पण तिचा खांदा जरासा खाली गेला, तेवढं मी पाहिलं. मग ती झेपावली. घोटा धरला. चढाईवाली धिप्पाड होती, हिला घेऊन मध्यरेषेकडे ओढत निघाली. माती उडाली, हिची कोपरं सोलली, पण घोटा सुटला नाही. मी बघत उभी होते. आयुष्यात एवढी जड मी कधीच नव्हते. मग धावले आणि दोघींवर पडले, पण तोवर पकड झालेली होती आणि ती तिची एकटीची होती. खुर्च्यांवरचे मोबाईल खाली गेले होते.

सामना आम्ही हरलो. तिचं नाव निवडलेल्यांत आलं. मॅडमनी डोळे पुसले आणि लगेच बाटल्या मोजायला लावल्या.

परतताना आम्ही सगळ्या मॅडमच्या भावाच्या टेम्पोत मागे बसलो होतो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं थांबलं. पोरी एकमेकींवर रेलून झोपलेल्या. ती माझ्या शेजारी, कोपरांना हळद लावलेली, जागी. आभाळ जांभळं झालं होतं. मी म्हटलं, सांगून टाकावं.

"अगं, मला मॅडमनी सांगितलेलं. हात सोड म्हणून."

"माहितीये," ती म्हणाली. "मला पण सांगितलेलं सकाळी. हात मागायचा नाही म्हणून."

"मग तू मागितलास कशाला?"

"मी त्यांना नाही म्हटलेलं. म्हटलं, हात सोडून सिलेक्शन होणार असेल तर नको मला."

ती चिडली नव्हती. उलट जरा हसलीच, आणि पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांकडे बघत राहिली. मी जे केलं ते बरोबरच होतं. आजही मी तेच करीन. पण तिने ज्याच्यासाठी सगळं सोडायची तयारी ठेवली होती, ते मी न विचारता सोडून दिलं होतं. गाड्या हलल्या, टेम्पो निघाला. मी रडत होते, आणि माझे हात माझ्याच मांडीवर होते.