पागेतली पाणवाट

"सेव-उसळ राहू द्या, तसेच घरी या," असं बायकोने फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानासमोरच्या रांगेत उभा होतो. तिच्या आवाजावरूनच कळलं की आक्का गेली. आदल्या संध्याकाळी तिनेच फर्माईश केली होती, तिखट वेगळं बांधून आणायची ताकीद देऊन. त्याला आता महिना होऊन गेला. आक्का माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे तिला नुसती बहीण म्हणताना जीभ अडखळते. बडोद्यात कुणीही भेटलं की "आक्का काय म्हणतात पागेवर?" असंच विचारायचं. शेवटचे चार महिने मात्र ती पागेवर नव्हती, माझ्या अलकापुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात होती... आणि ते चार महिने काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

पागा म्हणजे ओरसंग नदीच्या काठची, छोटाउदेपूरकडच्या डोंगरांच्या पायथ्याची शंभरावर बिघे गवताळ जमीन. आमचे पणजोबा संस्थानच्या घोड्यांवरचे अधिकारी, त्यांना ती मिळाली. पुढे घोडे गेले, दगडी तबेले राहिले, आंब्याची झाडं राहिली आणि नवरा गेल्यावर तिथे राहायला गेलेली आक्का राहिली. पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, हातात काठी आणि तोंडाचा पट्टा चालू, अशी ती दिवसभर हिंडायची. तबेल्यांच्या कडेने नदीपर्यंत एक वाट होती. पणजोबांच्या काळी शेजारच्या पाड्यावरचे राठवा आदिवासी घोड्यांसाठी गवत कापून देत, आणि त्या बदल्यात त्यांची गुरं आमच्या जमिनीतून नदीवर पाण्याला जात. घोडे गेले तरी वाट चालू राहिली. तिचा कागद कुठेच नव्हता. दुपारी चारला गुरं निघाली की आक्का हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन बसायची आणि शेवटचं वासरू परत येईपर्यंत उठायची नाही.

दोन वर्षांपूर्वी ती तबेल्यात पडली. पाड्यावरचे रतनभाई सहज डोकावले म्हणून कळलं, नाहीतर सकाळपासून ती तशीच पडून होती. त्यानंतर मी हट्टाला पेटलो. चुलत भावंडांनाही जमीन विकायचीच होती. जाहिरात मीच लिहिली, नदीकाठची ऐतिहासिक पागा, डोंगरांच्या कुशीत वगैरे. आक्काने चष्मा लावून ती वाचली आणि विंचवांचं का लिहिलं नाहीस म्हणून विचारलं. गिऱ्हाइकं येऊ लागली, सुरतेची, अमदावादची. आक्का त्यांना भर उन्हात सगळी जमीन पायी फिरवायची, पूर कुठल्या पायरीपर्यंत येतो ते दाखवायची, बिबट्या कुत्री कशी उचलतो ते सांगायची, वर पोटभर जेवू घालायची, आणि निघताना एकच विचारायची, गुरांची वाट उघडी ठेवाल ना? कुणी हसायचं, कुणी विषय बदलायचं. एकाने बाहेर नळ बसवून देतो म्हटलं, तर आक्का म्हणाली, "गुरांना नळ कळत नाही, नदी कळते." तो माणूस पुन्हा आला नाही. मला वाटायचं, हिला विकायचंच नाही, म्हणून ही सगळी नाटकं. मी तिला तसं तोंडावर बोललोही. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "एकजण हो म्हणू दे, त्याच दिवशी सही करते."

शेवटी मीच एक गिऱ्हाईक गाठलं. त्याला तिथे हॉटेल काढायचं होतं. अलकापुरीत चहा पिता पिता सगळं ठरलं, आणि वाटेचा प्रश्न माझ्या ओठांवर येऊन परत फिरला. हाही हातचा जाईल, आक्का पुन्हा पडेल आणि या वेळी कुणी डोकावणार नाही, अशी भीती होती. थोडा कंटाळाही आला होता, ते कशाला लपवू... दस्त नोंदवायच्या दिवशी हातात पेन घेऊन ती माझ्याकडे वळली.

"शरू, त्यांना विचारलंस ना वाटेचं?"

"विचारलं. हो म्हणाले."

तिने लगेच सही केली. माझा शब्द तिने जन्मात कधी तपासून पाहिला नव्हता.

आमच्याकडे आल्यावर रोज चार वाजता ती घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, गुरं पाण्यावर निघाली असतील. मी हो म्हणायचो. उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, झालं आणि तिने हे म्हणणं सोडलं. तिला इथे करमायला लागलं, असं मी बायकोला समाधानाने सांगितलं. इतका मूर्ख मी.

तेराव्यानंतर रतनभाई आले. पिशवीत तुरीच्या शेंगा होत्या. त्यांच्याकडूनच कळलं की दस्तानंतर महिन्याभरातच तिथे भिंत उठली, आता गुरं पुलाकडून लांबच्या वळशाने जातात, म्हातारी जनावरं तेवढं चालत नाहीत. उत्तरायणाला, आम्ही दोघं बाहेर गेलो असताना, ते आक्काला येऊन भेटले होते आणि हे सगळं तिला सांगून गेले होते. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "बेने ना पाडी. भाईने न केहता, एने बहु दुःख थशे." नको म्हणाली होती ती, भावाला सांगू नका, त्याला फार दुःख होईल... आणि पाड्यासाठी निरोप दिला होता की चूक तिचीच, सही करताना वाटेचं विचारायला ती विसरली. रतनभाई मान हलवत समजुतीने म्हणाले, "उंमर थई. बेन भूली गया."

खरं सांगायचं सोडून मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्यांनी चहा संपवला, आक्काच्या कॉटला हात जोडले आणि बस गाठायला निघून गेले.

ज्याच्या शेजारी तिने इतकी वर्षं काढली, त्या पाड्यावर आज तिला विसरभोळी म्हातारी म्हणतात, आणि माझं नाव कुणी काढत नाही. म्हणून हे लिहितो आहे. आक्का विसरली नव्हती. तिने मला विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो. रतनभाईंना मराठी वाचता येत नाही, त्यांच्या पाड्यावर कुणालाच येत नाही. रविवारी सकाळच्या बसने मी तिकडे चाललो आहे.