ओळख पटवून घेऊन जावे

माझा दादा आयुष्यभर दुसऱ्यांच्या छत्र्या सांभाळत बसला. बस आगारात हरवलेल्या वस्तूंची एक खिडकी असते, तिच्यामागे त्याची सगळी नोकरी झाली. बसमध्ये सापडेल ते कंडक्टर त्याच्यापुढे आणून टाकायचे. दादा ते पुसायचा, चिठ्ठी बांधायचा आणि शेल्फावर ठेवायचा. छत्र्या, चष्मे, जेवणाचे डबे, एकदा तर कोणाची तरी कवळी. मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम करते, म्हणून ती कवळी कोणाची ते त्याने मला विचारलं होतं, जणू गावातली प्रत्येक बत्तिशी मला तोंडपाठ. कोणी वस्तू मागायला आलं की दादा लगेच देत नसे. "आत काय होतं सांगा," म्हणायचा. समोरचा रडकुंडीला आला तरी ओळख पटल्याशिवाय खिडकीतून काही बाहेर जात नसे. आणि कोणी आलंच नाही, तरी टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं. "ज्याची आहे तो येतो गं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

परक्यांच्या छत्र्यांसाठी इतका धीर धरणाऱ्या या माणसाला पोटच्या मुलासाठी तेवढा धीर धरता आला नाही. वहिनी गेल्यावर दादाने खटपट करून मुलाला आगारातच चिकटवला होता. भाच्याने ती नोकरी सोडली आणि सायकली दुरुस्त करायला लागला. दादाचं डोकं फिरलं. "या घरात राहायचं तर नोकरी कर, नाहीतर दार मोकळं आहे," असं तो माझ्यासमोर म्हणाला. भाच्याने खिशातून घराची किल्ली काढली, निळा बिल्ला लावलेली, ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. फोन नंबरही बदलला. मला तरी सांगायचा ना मेल्याने, पण नाही. दादाने त्या दिवशीही नेहमीसारखी दिवेलागणीला दाराला कडी घातली आणि दोनदा ओढून पाहिली. घरात तो आणि मी, चोराने न्यावं असं काही नाही, पण कडीशिवाय त्याला झोप लागत नाही. किल्ली त्याने टेबलाच्या खणात टाकली.

दोन वर्षं अशीच गेली. दादा निवृत्त झाला आणि खुर्चीत बसून वाळायला लागला. मग एकदा दवाखान्यात एक बाई नंबरासाठी थांबल्या होत्या. दाढ ठणकत असूनही त्या मोबाइलमध्ये रमलेल्या, म्हणून मी डोकावले. नकाशावर हिरवे ठिपके होते. त्यांनी समजावलं, हा जिओकॅशिंग नावाचा खेळ. कोणीतरी बाहेर कुठेतरी छोटा डबा लपवतो, जागा नकाशावर टाकतो, आणि बाकीच्यांनी मोबाइलच्या बाणामागे चालत जाऊन तो शोधायचा. आत एक कागदाची पट्टी असते आणि बारीकसारीक वस्तू. एक घेतली तर एक ठेवायची. त्यांनी आमच्याच भागातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. लपवणाऱ्याचं नाव होतं मुंगूस.

मी ते नाव पुन्हा वाचलं. लहानपणी भाचा कपाटामागे, पलंगाखाली, कुठेही सटकायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. लपवलेल्या प्रत्येक जागेबरोबर एक इशारा लिहिलेला असतो. त्या ठिपक्याचा इशारा होता, "आई इथे दम खायला बसायची." बाजाराच्या वाटेवरचा तो दगडी कट्टा मला चांगला माहीत होता. दुसरा मुंगूस कुठून येणार?

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो उठून चपला घालायला लागला.

तो खेळ माझ्या मोबाइलवर घेताना लांबलचक नियम आले होते. सगळे करतात तेच मी केलं, खाली बोट दाबून "मान्य" म्हटलं. बाण मी धरायचा आणि हात दादाने घालायचा, अशी वाटणी झाली. कट्ट्यापाशी पोचल्यावर बाण वेड्यासारखा गरगर फिरायला लागला. येणारे-जाणारे बघत होते. मी चपलेत खडा गेल्याचं सोंग करून वाकले, आणि दादाने सैल दगडामागून एक साबणदाणी बाहेर काढली. आत गोटी, शिट्टी, प्लॅस्टिकचा बेडूक. दादाने ती छातीशी धरली. इतक्या दिवसांनी मी त्याचा चेहरा मोकळा झालेला पाहत होते, मलाही बरं वाटलं.

त्यानंतर आम्हाला चटकच लागली. पुलाच्या कठड्याला आतून चुंबकाने चिकटवलेली गोळ्यांची डबी, बागेच्या कुंपणात अडकवलेली नळी, वाचनालयामागच्या झाडाच्या ढोलीतला डबा. सगळे मुंगसाचे, आणि प्रत्येकाचा इशारा आमच्याच घरातला. माझी गुडघेदुखी पळाली, दादाला भूक लागायला लागली. आणि प्रत्येक डबा दादा घरी आणायचा. पुसायचा, चिठ्ठी बांधायचा, शेल्फावर ठेवायचा. सापडलेली वस्तू दुसरीकडे कुठे नेतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि मला तरी त्यात काही वावगं कुठे वाटलं?

"एक घेतलं तर एक ठेवायचं ना?" त्याने एकदा विचारलं, आणि खणातली किल्ली काढून साबणदाणीत ठेवली.

"अरे, डबा आपल्याच घरात. त्यात ठेवून काय उपयोग?"

"तो न्यायला येईल ना, तेव्हा जाईल."

मग एका सकाळी मी मोबाइल उघडला तर मुंगसाचे ठिपके करडे पडत चाललेले. खाली लोकांनी लिहिलं होतं, सापडला नाही, सापडला नाही. सगळ्यांत शेवटी मुंगसाने स्वतः लिहिलं होतं, "कोणीतरी चोर माझे डबे पळवतोय. सगळे बंद करतोय. पुन्हा लपवणार नाही."

मी ते दादाला वाचून दाखवायला नको होतं, पण तो मागेच उभा होता. दोन वर्षांनी मुलाकडून आलेला पहिला शब्द, आणि तो चोर. आता कुठे मी ते लांबलचक नियम वाचले. पट्टीवर नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा, हे पहिल्याच ओळीत होतं. नकाशावर त्याचा तेवढा एक धागा उरला होता, तोही आम्ही आमच्या हाताने तोडला.

"लिही," दादा म्हणाला. मी माफी लिहायला घेतली, तर त्याने सांगायला सुरुवात केली, "सदर डबे सुरक्षित आहेत. मालकाने ओळख पटवून घेऊन जावे."

"दादा, तो मुलगा आहे तुझा."

"पत्ता घाल खाली."

"पत्ता त्याला माहीत आहे रे."

"तरी घाल."

रविवारी बेल वाजली. भाचा दारात उभा, हाताला ग्रीस, दाढी वाढलेली. "आत्या, तुला तरी कळायला हवं होतं," एवढंच मला म्हणाला. दादाने सगळे डबे टेबलावर मांडले आणि स्वतः पलीकडे बसला, खिडकीमागे बसायचा तसाच. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"आत काय होतं सांगा," दादा म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. भाचा टेबलापाशी आला. मग एकेका डब्यावर बोट ठेवून सांगत गेला. गोळ्यांच्या डबीत बटणं, आईच्या स्वेटरची. नळीत पेन्सिलीचा तुकडा. साबणदाणीत गोटी, शिट्टी, बेडूक.

दादाने साबणदाणी उघडून त्याच्यापुढे सरकवली. "आणि?"

भाच्याने किल्ली पाहिली. निळा बिल्ला पाहिला. "ही मी ठेवली नव्हती," तो म्हणाला.

"आत जे सापडतं ते सगळं डब्याबरोबर जातं. नियम आहे," दादा म्हणाला, आणि त्याने झाकण लावलं.

भाच्याने डबे पिशवीत भरले. मी चहाचं विचारेपर्यंत तो जिना उतरला होता. दादा रिकाम्या टेबलाशी बसून राहिला. मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

नंतर ठिपके पुन्हा हिरवे झाले. आम्ही कट्ट्यापाशी गेलो. साबणदाणी जागेवर होती. गोटी, शिट्टी, बेडूक. किल्ली नव्हती. पट्टीवर आमच्या आधी दोन-तीन अनोळखी नावं होती. भाच्याने ठेवून घेतली, की कुठे भिरकावली, की कोणा परक्याने बेडकाऐवजी उचलली, कळायला मार्ग नाही. दादाने पट्टीवर आगारात करायचा तशी सही केली, झाकण लावलं आणि डबा दगडामागे परत सरकवला.

वाटेत मी म्हटलं, "कुलूप बदलून घेऊ. कोणाच्या हातात पडली असेल, काय नेम."

"आणि त्यालाच लागली असली तर?" दादा म्हणाला.

कुलूप तेच आहे. दिवेलागणीला दादा दारापाशी जातो, सवयीने हात कडीपर्यंत नेतो, आणि न घालताच परत येतो. आतून कडी असली, तर बाहेरून किल्ली लावून उपयोग नाही ना.