एकशेबहात्तरचे पत्ते

बोरीवली पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही आसपासच्या सोसायट्यांना इंटरनेट पुरवतो. मालक मूळचे मालवणकडचे. पूर्वी ते गच्चीवरून गच्चीवर केबल टीव्हीच्या वायरी ओढायचे, पुढे त्याच गच्च्यांवरून इंटरनेट न्यायला लागले. सगळे त्यांना दादा म्हणतात. नेटवर्कचं काम बघणारी मी एकटी. 'एकटी' हा शब्द मी इथे तक्रार म्हणूनच वापरते आहे.

गेल्या वर्षी आमचा जुना राउटर बदलायची वेळ आली. इंटरनेटवरच्या प्रत्येक ठिकाणाला आकड्यांचा पत्ता असतो, आणि कुठल्या पत्त्याला कुठल्या रस्त्यानं जायचं याची यादी शेजारची नेटवर्कं आम्हाला सतत कळवत असतात. ती यादी सारखी बदलते आणि सारखी वाढते. जुन्या राउटरच्या डोक्यात ती मावेना. मग अंधेरीच्या एमआयडीसीत, जिथे आमची यंत्रं भाड्याच्या रॅकमध्ये बसवलेली आहेत, तिथे मी एक साधा सर्व्हर लावला आणि त्यावर ही यादी सांभाळणारा प्रोग्रॅम चढवला. मागे बसून अखंड चालणाऱ्या अशा प्रोग्रॅमला आमच्या धंद्यात डीमन म्हणतात. दादांनी तो शब्द एकदा ऐकला, त्याचा अर्थ भूत असा लावला आणि तेव्हापासून ते विचारायला लागले, "तुझो देवचार काय म्हणता?"

देवचार फार काही म्हणत नव्हता, फक्त नाही म्हणत होता. या डीमनला फिल्टर लिहून द्यावे लागतात. शेजाऱ्यानं सांगितलेलं सगळंच खरं मानायचं नसतं. काय घ्यायचं, काय गाळायचं हे ओळीओळीनं सांगावं लागतं. आमचे शेजारी दोन. एक म्हणजे मुंबईतलं असं ठिकाण, जिथे मोठमोठ्या साइटवाल्यांशी आमची थेट गाठ पडते. दुसरी एक मोठी कंपनी, जी आम्हाला उरलेल्या जगापर्यंत नेते. दोघांसाठी दोन वेगळे फिल्टर. पहिला सकाळी झाला. दुसरा लिहायला मी दुपारी ऑफिसात बसले, आणि तिथून माझं डोकं फिरायला लागलं. एक अर्धविराम राहिला, नाही. एक महिरपी कंस जास्त झाला, नाही. चूक असायची बाराव्या ओळीत आणि तो बोट दाखवायचा चौदाव्या ओळीकडे. मागे दादा उभे. "एक बटण दाबूचा असता तां दाब मां," म्हणाले. दर पाच मिनिटांनी फोन वाजत होता आणि तो घेणारी आमची सहकारी नेमकी जेवायला गेली होती, म्हणून फोनही मीच घेत होते.

त्या गडबडीत मी चूक केली. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते घरातल्या आणि ऑफिसातल्या खासगी वापरासाठी राखीव असतात. बाहेरून कुणी ते सांगायला लागलं तर तो घोळ, म्हणून ते गाळायचे. लिहिण्याची रीत अशी की सुरुवातीचा पत्ता, मग तिरकी रेघ, मग एक आकडा. आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा पट्टा मोठा. तिथे बारा हवा होता. मी वरची ओळ कॉपी केली, पत्ता बदलला, आणि वरच्या ओळीतला आठ तसाच राहिला. डीमननं हे पकडलं. त्याचं म्हणणं असं, की हा पत्ता या आकड्याशी जुळत नाही, तुम्हाला कदाचित १७२.०.०.० म्हणायचं असावं. दिवसभरात पहिल्यांदा त्यानं नकारासोबत उत्तरही दिलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी विचारच केला नाही. तो म्हणाला तसं टाकलं, त्यानं मान्य केलं, आणि मी एकशेबहात्तरनं सुरू होणारे जगातले सगळे पत्ते त्या रस्त्यावरून गाळून टाकले.

हे मला कळायला अकरा दिवस लागले. कारण सगळं चालू होतं. मोठ्या साइट पहिल्या शेजाऱ्याकडून यायच्या, तिथला फिल्टर बरोबर होता. व्हिडिओ चालत होते, बँका चालत होत्या, क्रिकेट चालत होतं. बंद पडल्या होत्या त्या कुणाच्या तरी छोट्याशा भाड्याच्या सर्व्हरवरच्या बारक्या साइट. त्यांच्यासाठी कोण फोन करणार?

एक बाई करत होत्या. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, नॅशनल पार्कच्या बाजूच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या. रोज सकाळी अकराला त्यांचा फोन यायचा. पहिल्या दिवशी आमच्या सहकारिणीनं त्यांना राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं तक्रारीवर 'ग्राहकाकडील अडचण' असं लिहून ती बंद केली. चौथ्या दिवशी वैतागून फोन माझ्या हातात दिला.

"बाई, इंटरनेट चालू आहे ना तुमचं?" मी विचारलं.

"चालू आहे. मला हवी ती साइट चालू नाही."

"मग त्या साइटचा प्रॉब्लेम असेल. आमच्याकडून सगळं ठीक आहे."

"तू तपासलंस?"

"बाई, दुसऱ्या कुणाचीच तक्रार नाही."

"ते मी विचारलं नाही गं. तपासलंस का, ते विचारलं."

मी तपासलं नव्हतं. तपासते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर सहकारिणीला म्हणाले, ह्या रिकाम्या बसतात आणि आपला जीव खातात. ते वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.

बाईंची साइट एका लहान संस्थेची होती. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून तिथे चढवायची. ती आमच्याकडून खरंच उघडत नव्हती. मी संस्थेला ईमेल केली. तिथल्या माणसानं कळवलं की बाकी सगळ्यांना उघडते आहे. मग उरली ती मोठी कंपनी. तिच्या इंजिनिअरला मी लिहिलं की तुमच्याकडून हा पत्ता आम्हाला मिळत नाहीये. उत्तर आलं, आमच्याकडून तो दिला जातो आहे. मी पुन्हा लिहिलं. त्यानं त्याच्या स्क्रीनचं चित्र पाठवलं, त्यात पत्ता दिसत होता. मी लिहिलं, हे चित्र जुनं असेल. त्यानं तारीख-वेळेसकट नवं पाठवलं. मी त्याच्या वरिष्ठांना कॉपीत घातलं. एकूण पाच ईमेल झाल्या, आणि पाचवीत मी असं लिहिलं की आपल्या बाजूची तपासणी मनापासून व्हावी ही अपेक्षा. माझ्या फिल्टरचा संशय मला का आला नाही, हे मी स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. ज्या गोष्टीनं दिवसभर छळल्यावर एकदाचं हो म्हटलं, तिच्याकडे पुन्हा जायची इच्छाच नव्हती, दुसरं काही नाही.

अकराव्या दिवशी फोन आला नाही. साडेअकरा झाले, बारा झाले. सुटलो म्हणायच्या ऐवजी मी दादांना सांगितलं की मी बाईंकडे जाऊन येते. दादा म्हणाले, "एका कनेक्शनसाठी तू कित्याक जातंस? लायनमनाक धाड." मी रिक्षा केली.

सोसायटीची लिफ्ट बंद होती. चौथा मजला चढून गेले तर बाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत खिडक्या सगळ्या बंद, पंखा बंद. त्या मला बेडरूममध्ये घेऊन गेल्या. कपाटाच्या उघड्या दारांवर गोधड्या टाकून त्यांनी एक खोपटं केलं होतं, त्यात स्टूल आणि माइक. कुकरच्या शिट्ट्या आणि गॅलरीतली माकडं यांतून आवाज साफ मिळावा म्हणून. वाचता वाचता परिच्छेद अर्धा राहिला होता, तो पुरा होईपर्यंत मला घाम पुसत उभं राहावं लागलं. बारावीचा इतिहास होता. आवाज एकसारखा, घाई नाही, स्वल्पविराम ऐकू येत होता.

"आज फोन केला नाहीत," मी म्हणाले.

"कंटाळा आला मला तुमचा," त्या सरळ म्हणाल्या. "आता पेन ड्राइव्हवर घालून संस्थेत नेऊन देणार आहे. वाकोल्याला आहे ती. जिने उतरायचे, जायचं, यायचं, जिने चढायचे. गुडघे बघितलेस माझे?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. एक मुलगी विचारत होती, "बाई, सातवा धडा टाकलात का? सहावा दोनदा ऐकून झाला." बाई म्हणाल्या, "उद्या येतोय बघ. तोवर पाचव्याचे प्रश्न सोडव." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी एक वही पुढे केली. तारीख घालून दोन रकाने आखले होते, उघडते आणि उघडत नाही. उघडत नाही मध्ये संस्थेची साइट तर होतीच, शिवाय त्यांच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची एक, एका ग्रंथालयाची यादी, बियाणं विकणारा एक माणूस. "मला वाटलं, एकच बंद असेल तर तू म्हणतेस तसं तिचं काहीतरी असेल. म्हणून बाकीच्या लावून बघितल्या."

मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एकेका नावाचा आकडी पत्ता काढला. पहिला एकशेबहात्तर. दुसरा एकशेबहात्तर. तिसऱ्यालाच मला कळून चुकलं, चौथा मी उगाच काढला. तिथूनच अंधेरीच्या सर्व्हरला जोडले आणि डीमनला विचारलं की गाळलेलं काय काय आहे ते दाखव. पडदा भरला, पुन्हा भरला, थांबेचना. त्यानं सगळं जपून ठेवलं होतं. मोठ्या कंपनीचा इंजिनिअर पाचही वेळा खरं बोलत होता.

आठाचे बारा करायला आणि पत्ता पुन्हा १७२.१६ लिहायला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. आधी तपासून घेतलं, मग लागू केलं. बाईंना म्हणाले, "आता बघा." त्यांनी सातवा धडा चढवायला लावला. हिरवी पट्टी सरकायला लागली आणि त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"काय होतं?"

तांत्रिक बिघाड म्हणून सुटता आलं असतं. "माझी चूक होती. एक आकडा चुकीचा लिहिला होता मी."

"कधी?"

"तुम्ही पहिला फोन केलात त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी रोज तुलाच सांगत होते."

"हो."

त्या स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याचा तांब्या आणि भांडं घेऊन आल्या. मी पाणी प्यायले. "चूक होते गं," त्या म्हणाल्या. "पण मला तुम्ही राउटर बंद-चालू करायला लावलंत, नऊ वेळा. आणि प्रत्येक वेळी मी केला." मग त्यांनीच विचारलं, "ज्यांनी फोन केले नाहीत, त्यांचं काय?"

ह्याचा मी विचार केला नव्हता. ऑफिसात येऊन बंद केलेल्या तक्रारी उघडल्या. बाईंसारखे आणखी काही निघाले. एक-दोन फोन करून गप्प बसलेले, सगळ्यांपुढे तोच शेरा, ग्राहकाकडील अडचण. मी दादांना म्हणाले की यांना फोन करून सांगायला हवं.

"चालू झाला मां आता?"

"झालं."

"मग लोकांक कित्याक सांगूक व्हया? वाट लावतलंस माझी. गप रव."

मी गप्प राहिले, म्हणजे त्यांच्याशी. ते जेवायला गेल्यावर यादी घेऊन बसले. त्याआधी मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरला सहावी ईमेल लिहिली, त्याच वरिष्ठांना कॉपीत घालून, की चूक आमच्याकडची होती आणि पाचव्या ईमेलमधलं शेवटचं वाक्य मी मागे घेते. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. नोंद घेतली, तक्रार बंद करत आहोत.

फोनवर कुणी फारसं रागावलं नाही. एका बाईनं कधीच दुसरं कनेक्शन घेतलं होतं. एकाला तक्रार केल्याचंच आठवेना. शेवटच्या माणसानं त्या दिवसांत कॉम्प्युटर दोनदा पुसून पुन्हा भरला होता, त्यात त्याचे काही फोटो गेले. मी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "मॅडम, ते ठीक आहे. पण तुमची ती काळी वायर माझ्या खिडकीच्या ग्रिलला घासते, वारा आला की रात्रभर आवाज येतो. दोन वर्षं सांगतोय."

वायरींच्या तक्रारी माझ्याकडे येत नाहीत, त्या लायनमनकडे जातात. ते मी त्याला सांगणार होते. मग पेन घेतलं आणि विचारलं, "कुठल्या खिडकीला, पुढच्या की मागच्या?"